अट नेमकी कधी तपासली जाते? लूप आणि जर-तर शिकवताना अडणारी जागा

खडूफळा

नमस्कार मंडळी. गेली काही वर्षं मी अगदी नवशिक्यांना पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवते. व्हेरिएबल, बेरीज-वजाबाकी, प्रिंट इथपर्यंत वर्ग मजेत चालतो. लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करायला सांगणारा भाग, आला की निम्मे चेहरे उतरतात. मला वाटायचं, सराव वाढवला की जमेल. पण मागच्या आठवड्यात एका विद्यार्थिनीने असा प्रश्न विचारला की मी तीन दिवस त्याच विचारात आहे.

गणित सोपं होतं. वापरणारा एकेक आकडा देईल, -१ दिला की थांबायचं आणि बेरीज दाखवायची. तिने लिहिलेला प्रोग्रॅम मराठीत मांडते (!= म्हणजे 'समान नाही'):

बेरीज = ०
आकडा = ०
जोपर्यंत आकडा != -१:
    आकडा = विचार()
    बेरीज = बेरीज + आकडा
दाखव(बेरीज)

तिने ५, ७ आणि -१ दिले. उत्तर १२ हवं होतं, आलं ११. ती म्हणाली, "मॅडम, -१ आला की थांब असं मी स्पष्ट लिहिलंय. मग त्याने तो -१ मिळवला कसा?"

मी फ्लोचार्ट काढला, बाण दाखवले, तीनदा समजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी तसाच दुसरा प्रश्न दिला तर वर्गातल्या बहुतेकांनी तीच चूक केली. म्हणजे माझं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. तुम्ही हे कसं शिकवता?

पायरीपायरीने

ताई, तुमच्या विद्यार्थिनीने अगदी मुळावर बोट ठेवलंय. तिची चूक आळसाची नाही, ती भाषेतून आली आहे.

रोजच्या बोलण्यात आपण म्हणतो, "जोपर्यंत पाऊस आहे तोपर्यंत आत थांब." पाऊस उघडला की त्या क्षणी माणूस बाहेर पडतो, हातातलं काम पुरं होण्याची वाट बघत नाही. त्याचं लक्ष सतत खिडकीकडे असतं. तुमच्या विद्यार्थिनीला वाटतं की यंत्राचंही तसंच लक्ष असतं, आणि -१ दिसताक्षणी ते पुढची ओळ सोडून बाहेर येईल.

हे फक्त मराठीत होत नाही. इंग्रजीतून शिकणारेही 'व्हाइल' (जोपर्यंत) शब्दामुळे नेमके इथेच चुकतात. बोनार आणि सोलोवे या संशोधकांनी १९८५ मध्ये यावर लिहिलं आहे. पुढच्याच वर्षी रॉय पी यांनी मांडलं की नवशिक्यांच्या बऱ्याच चुकांमागे एकच समजूत असते: यंत्राच्या आत कुठेतरी एक मन आहे आणि आपल्याला काय म्हणायचंय ते त्याला कळतं.

मी वर्गात दोन माणसांची गोष्ट सांगतो. एक पहारेकरी आणि एक दारावरचा तिकीट तपासनीस. पहारेकऱ्याची नजर सगळीकडे, सगळा वेळ. तपासनीस फक्त दारात उभा असतो. तुम्ही दारातून जाताना तो तिकीट बघतो, आत काय करता त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. लूपची अट हा तपासनीस आहे. आत -१ आला तेव्हा तो दारात उभा होता आणि त्याला काहीच दिसलं नाही. फेरी पूर्ण करून परत दाराशी आल्यावरच त्याने पाहिलं.

ही गोष्ट एकदा रुजली की 'अट खोटी झाली' आणि 'अट खोटी आहे हे यंत्राने पाहिलं' या दोन घटना वेगळ्या आहेत हे मुलांना कळतं. लूपमधला निम्मा गोंधळ या दोन घटना एक मानण्यातून होतो.

रिकामी_ओळ

+१ पायरीपायरीने. पण नुसती गोष्ट पुरत नाही, त्यासोबत ड्राय रन, म्हणजे प्रोग्रॅम ओळीओळीने कागदावर चालवून बघणं, हवाच. आणि तोही नेहमीसारखा नाही. आपण बहुतेक जण व्हेरिएबलचा एक रकाना करतो आणि जुनी किंमत खोडून नवी लिहितो. त्यामुळे अट तपासताना काय होतं हेच पुसलं जातं. मी अटीला स्वतंत्र रकाना देते:

फेरी | दारात आकडा | अट | आत आलेला आकडा | बेरीज
१ | ० | खरी | ५ | ५
२ | ५ | खरी | ७ | १२
३ | ७ | खरी | -१ | ११
४ | -१ | खोटी | – | –

तिसरी ओळ बघा. दारात ७ होता, म्हणून आत सोडलं. -१ आत आल्यावर आला. हे विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने लिहिलं की समजावायची गरज उरत नाही.

चौथी ओळ लिहायला लावणं फार महत्त्वाचं. मुलं ती गाळतात, कारण "तिथे काही होत नाही". होतं ना! अट तपासली जाते. आतला भाग ३ वेळा चालला, पण अट ४ वेळा तपासली गेली. पहिल्याच खेपेला अट खोटी असेल तर आतला भाग एकदाही चालत नाही, हेसुद्धा याच ओळीतून आपोआप समजतं.

आणि एक. ड्राय रन पेन्सिलीने करू देऊ नका, पेनानेच. खोडायची सोय असली की मुलं आधी उत्तर बघतात आणि मग तक्ता त्याला जुळवून घेतात.

शून्यापासून

मी थोडा वेगळा विचार मांडतो. मुळात 'व्हाइल'पासून सुरुवातच का करायची? आधी 'फॉर' शिकवा. यादीतली प्रत्येक गोष्ट उचल आणि काहीतरी कर. अट नाही, सुरुवातीची किंमत नाही, वाढवायचं विसरणं नाही. दोन आठवडे तेवढंच. पुनरावृत्ती अंगवळणी पडली की मग 'व्हाइल' आणा.

आणि वरच्या उदाहरणात थांबायची जागा खरं तर लूपच्या मध्ये आहे: आकडा घे, -१ असेल तर बाहेर पड, नाहीतर मिळव. माणूस असाच विचार करतो. मग तसंच लिहू द्या ना (== म्हणजे 'समान आहे का?'):

कायम फिर:
    आकडा = विचार()
    जर आकडा == -१: बाहेर पड
    बेरीज = बेरीज + आकडा

म्हणजे 'व्हाइल ट्रू' आणि 'ब्रेक'.

कंसपूर्ण

ब्रेकला माझा विरोध आहे. पहिल्याच महिन्यात ब्रेक दाखवला की मुलं दोन लूपमध्ये पाच-पाच ब्रेक पेरतात आणि लूप कुठून बाहेर पडतो हे शोधत बसावं लागतं. संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९६८ मध्येच गो-टू या उडी मारायच्या आज्ञेविरुद्ध पत्र लिहिलं ते उगाच नाही. लूपला आत यायचा एक आणि बाहेर जायचा एक रस्ता असावा. पहिला आकडा लूपच्या आधी विचारायचा आणि पुढचा आतल्या शेवटच्या ओळीवर, ही जुनी पद्धत स्वच्छ आहे:

आकडा = विचार()
जोपर्यंत आकडा != -१:
    बेरीज = बेरीज + आकडा
    आकडा = विचार()

शून्यापासून

ते पत्र गो-टू बद्दल होतं. गो-टू कुठूनही कुठेही उडी मारतं. ब्रेक एकाच ठिकाणी जातो, लूपच्या लगेच पुढे. दोन्ही एका मापाने मोजू नयेत.

आणि यावर प्रयोगही झालाय. सोलोवे, बोनार आणि एर्लिख यांनी १९८३ मध्ये विद्यार्थ्यांना साधारण हाच प्रश्न दिला: आकडे वाचत जा, ठरावीक आकडा आला की थांबा, सरासरी काढा. मधूनच बाहेर पडायची सोय असलेल्या लूपने लिहिणाऱ्यांची उत्तरं जास्त वेळा बरोबर आली. कारण 'आधी वाच, मग वापर' हा क्रम माणसाला नैसर्गिक वाटतो. तुमच्या पद्धतीत तो उलटतो: आत आधी मागचा आकडा वापरायचा आणि मग पुढचा वाचायचा.

कंसपूर्ण

प्रयोगाचं मान्य. तरी मी दोन्ही दाखवेन आणि एका लूपमध्ये एकापेक्षा जास्त ब्रेक नको एवढा नियम ठेवेन. दोन्ही प्रकार शेजारीशेजारी ठेवून तक्ता भरून घेतला तर तपासनीस कुठे उभा आहे हाच फरक उरतो. पहिल्यात मधल्या दारात, दुसऱ्यात पुढच्या दारात.

नवशिकी

मी शिकणारी आहे, शिकवणारी नाही. विचारलं तर चालेल ना? मला लूपपेक्षा जर-तर जास्त छळतं. मी लिहिलं होतं:

जर रंग == "लाल" किंवा "निळा": दाखव("मिळाला")

रंग हिरवा दिला तरी "मिळाला" येतं. एरर नाही, काही नाही. दोन तास गेले माझे यात.

रिकामी_ओळ

जरूर विचार गं, अशा प्रश्नांसाठीच धागा आहे.

मराठीत "रंग लाल किंवा निळा असेल तर" म्हटलं की ऐकणारा 'रंग' दोन्हीकडे लावून घेतो. पायथन लावून घेत नाही. त्याच्या लेखी 'किंवा'च्या दोन बाजूंना दोन पूर्ण, स्वतंत्र प्रश्न असतात. डावीकडचा प्रश्न: रंग लाल आहे का? उजवीकडचा प्रश्न: "निळा"? एवढाच. आणि रिकामी नसलेली अक्षरमाळ पायथन 'खरी' धरतो. त्यामुळे हिरव्या रंगाला डावी बाजू खोटी ठरते, पण उजवी कायम खरी, म्हणून अख्खी अटही कायम खरी.

लिहायचं असं: रंग == "लाल" किंवा रंग == "निळा".

सवय म्हणून 'किंवा'च्या उजवीकडचा भाग एकटाच मोठ्याने वाचून बघ. त्याचं हो-नाही उत्तर देता येत नसेल तर तो प्रश्न अर्धवट आहे.

पायरीपायरीने

नवशिकी, यालाच लागून दुसरा सापळा आहे आणि तो मला जास्त धोकादायक वाटतो, कारण वाक्य मराठीत पूर्ण बरोबर असतं. "६ वर्षांखालची मुलं आणि ६० वर्षांवरची माणसं वेगळ्या रांगेत उभी राहतील." विद्यार्थी वाक्यातला 'आणि' उचलून तसाच लिहितो: वय < ६ आणि वय > ६०. रांग रिकामी राहते, कारण एकाच वेळी ६ पेक्षा लहान आणि ६० पेक्षा मोठं कोणी नसतं.

आपलं वाक्य दोन गटांबद्दल बोलतं, दोन्ही गट घ्या म्हणून 'आणि'. अट मात्र एका वेळी एकाच माणसाला विचारली जाते. म्हणून मी मुलांना सांगतो, अट लिहिण्याआधी वाक्य एकवचनात आणा. "हा माणूस ६ पेक्षा लहान आहे, किंवा ६० पेक्षा मोठा आहे." एकवचन केलं की 'आणि'चा 'किंवा' आपोआप होतो.

नकार आला की हेच उलटं होतं. उत्तर 'हो' किंवा 'नाही' येईपर्यंत पुन्हा विचारायचं आहे, म्हणून मुलं लिहितात:

जोपर्यंत उत्तर != "हो" किंवा उत्तर != "नाही": पुन्हा विचार

हा लूप कधीच संपत नाही. "हो" दिलं तरी ते "नाही"पेक्षा वेगळं आहेच. कुठलंही उत्तर दोहोंपैकी एकापेक्षा तरी वेगळं असणारच. इथे 'आणि' हवा.

अवांतर: या बाबतीत मराठी आपल्याला मदतही करते, तिकडे कुणी लक्ष देत नाही. आपण म्हणतो, "जोपर्यंत बरोबर उत्तर येत नाही तोपर्यंत विचारत राहा." नकार वाक्यातच असतो. तोच उचलून 'व्हाइल'मध्ये टाकला की अट तयार! इंग्रजीत 'अनटिल' म्हणून विचार करणाऱ्याला अट मनात उलटवावी लागते. म्हणून मी मुलांकडून आधी 'जोपर्यंत… नाही तोपर्यंत' असं पूर्ण वाक्य वहीत लिहून घेतो.

शून्यापासून

'पर्यंत'वरून आठवलं. "१ पासून १० पर्यंत" यात आपण १० धरतो. पायथनचा रेंज(१, १०), म्हणजे ओळीने आकडे देणारी आज्ञा, मात्र ९ वर थांबतो. "शेवटचा धरत नाहीत" एवढं सांगून पुढे जाऊ नका, कारण सांगा. रेंज(०, ५) मध्ये ५ आकडे, रेंज(५, १०) मध्येही ५. शेवटातून सुरुवात वजा केली की संख्या मिळते, आणि दोन तुकडे शेजारी ठेवले तर ५ दोनदाही येत नाही, गळतही नाही. डाइक्स्ट्रा यांनीच १९८२ च्या एका टिपणात हे फार सुंदर मांडलंय. कारण कळलं की मुलं विसरत नाहीत.

जुनी_फाईल

धागा वाचून राहवलं नाही. मी शिकवत नाही, पण वीस वर्षं दुसऱ्यांचे प्रोग्रॅम दुरुस्त करतोय. लूप आणि जर-तर एकत्र शिकवायला माझ्या मते याहून चांगलं उदाहरण नाही.

३१ डिसेंबर २००८. मायक्रोसॉफ्टचं झून नावाचं गाणी ऐकण्याचं यंत्र होतं. त्यातली ३० जीबीची यंत्रं त्या दिवशी जगभर गोठली. चालू करताच अडकायची. कंपनीचा सल्ला होता: बॅटरी पूर्ण उतरू द्या आणि १ जानेवारीला दुपारनंतर पुन्हा चालू करा. आणि खरंच, १ तारखेनंतर ती पुन्हा चालली.

आत काय होतं? १९८० पासून किती दिवस झाले यावरून वर्ष काढायचा लूप. गाभा असा:

वर्ष = १९८०
जोपर्यंत दिवस > ३६५:
    जर वर्ष लीप असेल:
        जर दिवस > ३६६:
            दिवस = दिवस - ३६६
            वर्ष = वर्ष + १
    नाहीतर:
        दिवस = दिवस - ३६५
        वर्ष = वर्ष + १

२००८ लीप वर्ष, ३१ डिसेंबर हा त्याचा ३६६वा दिवस. एकेक वर्ष वजा होत लूप २००८ पर्यंत आला तेव्हा दिवस = ३६६ उरले. दारात विचारलं, ३६५ पेक्षा जास्त? हो, आत या. लीप वर्ष? हो. ३६६ पेक्षा जास्त? नाही. आणि या 'नाही'ला पुढे काहीच लिहिलेलं नाही. ना दिवस कमी झाले, ना वर्ष वाढलं. परत दारात: ३६५ पेक्षा जास्त? हो. असंच दिवसभर.

हे वर्गात फळ्यावर लिहा आणि दुरुस्ती विचारा. बरेच जण पटकन म्हणतील, आतली अट दिवस >= ३६६ करा. करू द्या आणि तक्ता भरायला सांगा. ३६६ मधून ३६६ गेले, दिवस शून्य, वर्ष २००९. लूप थांबला खरा, पण तारीख निघाली २००९ सालचा शून्यावा दिवस! दुसरे म्हणतील, बाहेरची अट दिवस > ३६६ करा. मग साध्या वर्षात ३६६ उरले तर लूप तिथेच थांबेल आणि साध्या वर्षाला ३६६वा दिवस मिळेल. योग्य जागा एकच: त्या आतल्या 'जर'ला 'नाहीतर' द्यायचं आणि तिथून लूपबाहेर पडायचं. कंसपूर्ण यांचा एक ब्रेकचा नियमही मोडत नाही.

कुठल्याही लूपला मी एकच प्रश्न विचारतो. आतल्या प्रत्येक वाटेने जाऊन बघा, दारातली अट ज्याच्याकडे बघते ते बदललं का? एक जरी वाट काही न बदलता दाराशी परतत असेल तर तो लूप कधीतरी अडकणार. या प्रोग्रॅममध्ये वाटा तीन होत्या. दोन बरोबर होत्या, आणि तिसरी फक्त लीप वर्षाच्या शेवटच्या दिवशी उघडायची.

कंसपूर्ण

उत्तम उदाहरण. 'नाहीतर' नसलेला प्रत्येक 'जर' बघून "मग नाहीतर काय?" हे विचारायची सवय यातूनच लागते. उत्तर 'काही नको' असू शकतं, पण ते ठरवलेलं असावं.

छोटी भर: बदल होतो तरीही लूप न थांबण्याचा एक प्रकार आहे. बेरीज शून्यापासून सुरू करून ०.१ मिळवत जायचं आणि जोपर्यंत बेरीज != १.० तोपर्यंत फिरायचं. दहा फेऱ्यांनंतर पायथनमध्ये बेरीज ०.९९९९९९९९९९९९९९९९ असते, १.० नाही. अट हुकली ती हुकलीच. अपूर्णांकांना == किंवा != ने थांबवू नये, < वापरावं, आणि फेऱ्या मोजायच्या असतील तर पूर्णांकाने मोजाव्यात.

नवशिकी

झूनचा तक्ता मी स्वतः भरला, दिवस ३६७ धरूनही आणि ३६६ धरूनही. ३६७ ला एक उरतो, १ जानेवारी. म्हणूनच दुसऱ्या दिवशी यंत्रं चालली!

जुनी_फाईल

अगदी बरोबर. हे मी लिहिलं नव्हतं, तू शोधलंस.

खडूफळा

सगळ्यांचे मनापासून आभार. आज वर्ग झाला, लगेच लिहिते.

तपासनिसाची गोष्ट मी सांगितली नाही, करून घेतली. एक मुलगा 'अट' झाला. त्याला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. आकड्याचा कागद टेबलावर. दुसरी मुलगी लूपचा आतला भाग. ती एकेक ओळ मोठ्याने म्हणत काम करणार आणि शेवटची ओळ झाली की त्याच्या खांद्यावर हात ठेवणार. तेव्हाच त्याने वळून कागद बघायचा. तिसऱ्या फेरीत कागदावर -१ आला. वर्गातून चार-पाच जण ओरडले, "अरे थांब, थांब!" तो भिंतीकडेच बघत होता. तिने शांतपणे -१ मिळवला, ११ लिहिलं आणि मग त्याच्या खांद्यावर हात ठेवला. वर्ग एकदम गप्प झाला. माझ्या तीन वेळा समजावण्याने जे झालं नव्हतं ते तिथे झालं.

मग तक्ता, पेनाने. प्रश्न विचारणाऱ्या त्या विद्यार्थिनीने दुसरी 'विचार()' शेवटच्या ओळीवर नेली, पहिली लूपच्या आधी, आणि १२ आले.

पुढे मी सरासरी काढायला सांगितली. तिने मोजणी ठेवली, शेवटी भागाकार केला, आणि मी काही म्हणायच्या आत पहिलाच आकडा -१ देऊन बघितला. शून्याने भागाकार, एरर. मला वाटलं आता ती हात वर करेल. तिने भागाकाराच्या वर ओळ लिहिली, 'जर मोजणी > ०', मग थोडं थांबून खाली 'नाहीतर' लिहिलं आणि विचारलं, "मॅडम, हा जर मी लूपच्या आत टाकला असता तर?"

मी म्हटलं, तक्ता भरून बघ. तिने ५, ७, -१ साठी भरला. दुसऱ्या फेरीपर्यंत दोनदा सरासरी छापून झाली होती. नुसता -१ दिला तेव्हा अख्ख्या तक्त्यात एकच ओळ आली, अट खोटी, आणि तिचं 'नाहीतर' एकदाही चाललं नाही. तिने तो 'जर' बाहेरच ठेवला.